लहान गावात व्यसनावर उपचार मिळतात का? सुरुवात कुठून करायची?

ओसरी
हा धागा काढायला मला चार महिने लागले. दोनदा लिहून पुसला.

धाकटा भाऊ, वय ३४. दारू रोजची, सहा-सात वर्षं झाली. आता सकाळीही लागते. झोपेच्या गोळ्याही घेतो, कुठून आणतो आणि किती घेतो ते सांगत नाही. गाव लहान. मनोविकारतज्ज्ञ नाही, व्यसनमुक्ती केंद्र नाही; जे जवळचं म्हणायचं तेही अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. आणि दवाखान्याच्या बाकावर बसलं की आपण बाहेर पडायच्या आत बातमी घरी पोचलेली असते.

तो म्हणतो, "मनात आलं की सोडीन." गेल्या आठवड्यात खरंच सोडली. दीड दिवस. हात इतके थरथरत होते की शर्टाचं बटण लावता येईना. मग पुन्हा घेतली आणि तासाभरात हात शांत. आई म्हणते, चार दिवस खोलीत कोंडून ठेवू, सुटेल.

मला विचारायचंय ते एवढंच: भरती करावीच लागते का? लांबच जावं लागतं का? तुमच्यापैकी कोणी अशा ठिकाणी राहून यातून गेलंय का?

रोखठोक
आईंचं बरोबर आहे. आमच्या चुलत्यांना असंच कोंडलं होतं, पाचव्या दिवशी माणूस साफ. केंद्रं वगैरे पैसेवाल्यांची कामं. मनाचा निर्धार हवा, बाकी सगळं नाटक.

दुसरी_पाळी
ओसरीताई, थांबा. आधी हे वाचा, मग आईंना वाचून दाखवा. कोंडू नका.

मी नर्स आहे, बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप चढतो, नाडी पळते. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आम्ही 'डीटी' म्हणतो. उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जातो. रोखठोक, तुमचे चुलते वाचले ही चांगली गोष्ट झाली. कोंडलेल्या खोलीतून थेट आमच्याकडे आलेले पेशंट मी पाहिलेत, सगळे वाचले नाहीत.

झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यानेही फिट येते. इथे दोन्ही एकत्र आहेत. हात थरथरतात म्हणजे निर्धार कमी पडला असं नाही. मेंदूला रोजच्या दारूची सवय झालीय, ती काढून घेतली की तो बिथरतो.

एक विचारते. त्याला याआधी कधी फिट आली होती का? डोळे फिरले, दातखीळ बसली, जीभ चावली गेली, असं काही?

ओसरी
फिट असं कोणी म्हटलं नाही. दोन वर्षांपूर्वी मोरीत पडला होता. तेव्हा दारू सोडून दोन दिवस झाले होते. तोंडातून रक्त येत होतं. पडल्यामुळे लागलं असेल असं आम्ही समजलो.

दुसरी_पाळी
ती फिटच असण्याची शक्यता खूप आहे. डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर विसराल. एकदा विथड्रॉलमध्ये, म्हणजे नशा बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासात, फिट आलेल्या माणसाची दारू घरी सोडवायची नसते. दर खेपेला त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो.

आणि डॉक्टर भेटेपर्यंत "आजपासून बंद" असं त्याच्याकडून वदवून घेऊ नका. विचित्र वाटेल, पण दोन दिवस पीत राहिलेला बरा, एकटा सोडलेला नको.

गल्लीतला_डॉक्टर
दुसरी_पाळी यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी अशाच एका लहान गावात जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला गैरसमज असा की व्यसनाचा उपचार म्हणजे केंद्रात भरती. दारू अंगातून सुरक्षित उतरवणं, म्हणजे डिटॉक्स, हे पाच-सात दिवसांचं काम आहे आणि ते कुठल्याही साध्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात होतं. त्यासाठी 'व्यसनमुक्ती' अशी पाटी लागत नाही. फिजिशियन लागतो, रात्री नाडी आणि रक्तदाब बघणारी नर्स लागते, आणि दोन प्रकारची औषधं. एक, बिथरलेल्या मेंदूला शांत करणारं क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, यकृत फारच बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. डोस चढा सुरू करून रोज उतरवत आणायचा. दुसरं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, तेही इंजेक्शनने. हे साधं जीवनसत्त्व विसरलं गेलं तर माणूस गोंधळतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लडबडते, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. वेर्निकेने हे चित्र १८८१ मध्येच वर्णन करून ठेवलंय, तरी आजही ते 'अजून उतरली नाहीये' म्हणून सोडून दिलं जातं. ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन दिलं का, हे नातेवाइकांनी विचारायला काही हरकत नाही. डॉक्टर चिडला तर चिडू दे.

घरी डिटॉक्स होतच नाही असं नाही. पूर्वी फिट किंवा डीटी नाही, दुसरा मोठा आजार नाही, इतर कसली नशा नाही, न पिणारं एक मोठं माणूस चोवीस तास सोबत, गोळ्या त्या माणसाच्या ताब्यात, आणि डॉक्टर रोज बघणार. एवढं सगळं असेल तर मी घरी करतो. ओसरी, तुमच्या भावाच्या बाबतीत यातल्या दोन अटी मोडतात. त्याला वॉर्डच हवा.

आता बाकावर बसण्याबद्दल. माझ्याकडे 'दारूसाठी' म्हणून वर्षाला जेमतेम चार माणसं येतात. पित्त, रक्तदाब, झोप, पडून झालेली जखम, पायाला मुंग्या यासाठी मात्र रोज येतात, आणि त्यातल्या कितीतरी तक्रारींच्या मुळाशी दारू असते. भाऊ 'पोटाचं दाखवायला' आला तरी चालतं. मी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी हळूच विचारतो. ० ते ४० गुण. ८ किंवा वर काळजी, २० च्या आसपास किंवा वर गेलं की अवलंबित्व आहे असं धरून पुढची तपासणी. बाहेर बसलेल्यांना काय कळतं? पोट दुखत होतं, एवढंच.

रोखठोक
मग सात दिवसांत बरा झाला, असं म्हणायचं का?

गल्लीतला_डॉक्टर
नाही. सात दिवसांत फक्त दारू उतरली. पुन्हा का घेतो, हा प्रश्न आठव्या दिवशी सुरू होतो, आणि गावोगाव घोळ होतो तो इथेच. माणूस टवटवीत दिसतो, घरचे निवांत होतात, पंधरा दिवसांत गाडी मूळ पदावर.

माजघर
माझ्या वहिनीने एक पावडर मागवली होती. वास नाही, चव नाही. जेवणात मिसळायची, माणसाला कळतही नाही, दारूची किळस येते. ओसरी, हवं तर नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गल्लीतला_डॉक्टर
माजघर, कृपया करू नका.

अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा काय असतं ते लिहिलेलंच नसतं, आणि ज्यांनी खरंच उलट्या होतात त्यात डायसल्फिराम असू शकतं. या औषधाची गोष्ट मजेशीर आहे. हाल्ड आणि याकोबसेन हे कोपनहेगनचे दोन संशोधक ते जंतांवर चालतं का हे बघत होते. स्वतः गोळ्या घेतल्या, नंतर थोडी दारू पोटात गेली आणि दोघेही लालबुंद होऊन आजारी पडले. १९४८ मध्ये त्यांनी ते दारूवरचं औषध म्हणून मांडलं. दारूपासून शरीरात तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड पुढे मोडू न देणं हे त्याचं काम. ते साठलं की चेहरा तापतो, धडधडतं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याला गोळी चालू आहे हे माहीतच नाही तो नेहमीसारखी पिणार, आणि हृदय कमजोर असेल तर तिथेच संपेल. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. त्यामुळे हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि दारू बंद होऊन निदान बारा तास झाल्यावरच द्यायचं, हा नियम आहे. ज्याला ते हवंय आणि घरचं कोणी रोज समोर बसून देतंय, त्याला ते छान लागू पडतं. चोरून दिलेलं हे विषच.

माजघर
हे ठाऊक नव्हतं. वहिनीला फोन लावते.

अकरावं_वर्ष
धागा दोन दिवस वाचतोय. मी स्वतः पेशंट. आज सोबर आहे, अकरावं वर्ष चालू आहे.

मी तीन केंद्रं केली. पहिल्यात दाराला बाहेरून कुलूप होतं, फोन बंद, रात्री डॉक्टर नाही, आणि 'शिस्त' म्हणून मार. तिथून निघालो त्या संध्याकाळीच प्यायलो, निव्वळ रागाने. त्यामुळे ओसरीताई, लांब जायची वेळ आलीच तर आधी तिघांशी बोला: तिथल्या डॉक्टरशी, समुपदेशकाशी, आणि तिथून बाहेर पडून वर्ष झालेल्या एखाद्याशी. "हमखास सुटेल" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत हे भरती करताना विचारत नाहीत तेही टाळा. आणि घरच्यांची बैठक घेतात का ते बघा. फक्त पेशंटलाच दुरुस्त करायला निघालेलं केंद्र अर्धंच काम करतं.

तिसऱ्या केंद्राने मला सोडताना एक कागद दिला. त्यावर पुढचे नव्वद दिवस लिहिलेले. कुठल्या दिवशी कोणाला फोन, कुठल्या रस्त्याने घरी यायचं, पगार कोणाच्या हातात. पहिल्या दोन केंद्रांनी निरोप समारंभ केला होता, कागद दिला नव्हता.

लहान गावात नाव लपवायचं कसं, हा माझाही प्रश्न होता. मग एके दिवशी ध्यानात आलं की मी पितो हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी गटारात पडलेला लोकांनी पाहिला होता. गुप्त राहायला हवं होतं ते फक्त मी उपचार घेतोय हे! हसू आलं. पण ही लाज खरीच असते, म्हणून सोय सांगतो: अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगा फोनवर आणि व्हिडिओवरही होतात. कॅमेरा बंद ठेवता येतो, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये दोन दारुडे एकमेकांशी बोलायला बसले तिथून हे सुरू झालं. दोन माणसं पुरतात. आमच्याकडेही पहिली दीड वर्षं मीटिंगला दोघंच होतो.

काथ्याकूट
या मीटिंगांना पुरावा आहे का काही? मला तरी भजनी मंडळाचा वास येतो. तसा राग नाही, विचारतोय.

गल्लीतला_डॉक्टर
रास्त शंका. २०२० मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा, मोठा आढावा आला. पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस) आणि त्याकडे नेणारे बारा पायऱ्यांचे कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, काही मोजमापांत सरस निघाले. मीही आधी नाक मुरडायचो. तरी कोणाला देव-प्रार्थनेची भाषा नको असेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत, तेही ऑनलाइन. ज्याला जे मानवेल ते.

लहान गावाला धीर देणारी आणखी एक जुनी गोष्ट. लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑर्फर्ड यांनी १९७७ मध्ये एक अभ्यास छापला. १०० विवाहित पुरुष, दारूचं व्यसन. निम्म्यांना साग्रसंगीत उपचार, उरलेल्यांना पती-पत्नी दोघांना समोर बसवून एकच नीट सल्ला. वर्षानंतर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. यावरून उपचार निरुपयोगी असं काढू नका, सगळ्यांची तपासणी तर कसून झाली होती, आणि फार गंभीर आजारी माणसं त्यात नव्हती. मी त्यातून इतकंच घेतो की एका नीट झालेल्या भेटीलाही वजन असतं. ती भेट गावात होऊ शकते.

आणि गोळ्या विसरू नका. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन औषधं २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. साधा डॉक्टरही ती चालू ठेवू शकतो. मनोविकारतज्ज्ञांची पहिली भेट प्रत्यक्ष, पुढच्या व्हिडिओवर, मधली तपासणी माझ्यासारख्याकडे, असं वाटून घेता येतं. बहुतेकांना या गोळ्यांबद्दल कोणी सांगितलेलंच नसतं, याचा मला राग येतो.

अबोली
दारूचं बरंच झालं. मला दुसऱ्या नशेबद्दल लिहायचंय.

माझा मामेभाऊ हेरॉइन घ्यायचा. त्या विथड्रॉलमध्ये सहसा माणूस मरत नाही, फक्त मेल्यासारखा होतो, असं आम्हाला सांगितलं होतं. केंद्रात ४५ दिवस राहिला. वजन वाढलं. घरी आला, सगळ्यांच्या पाया पडला. नवव्या दिवशी पूर्वीइतकाच डोस घेतला. शरीराची सवय मोडली होती. तो गेला.

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सोडून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे, हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर. अफूवर्गीय नशेचा पेशंट घरात असेल तर नॅलॉक्सोन या नशेचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारून उठत नाही, तर ते द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची, आणि शेजारून उठायचं नाही. त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, नशा त्याहून जास्त वेळ टिकू शकते.

दुसरी_पाळी
अबोली, वाईट वाटलं. लिहिलंत हे बरं केलंत.

पुरवणी म्हणून: या नशेत नुसतं सोडवून घरी पाठवण्यापेक्षा नशेच्या जागी मोजून द्यायचं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध चालू ठेवणं कितीतरी सुरक्षित. ही दोन्हीही २००५ पासून त्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं घरचे म्हणतात आणि गोळी बंद करायला लावतात. रोज मोजून घेतलेल्या गोळीवर माणूस कामाला जातो, मुलांना शाळेत सोडतो. किती दिवस? काहींना वर्षानुवर्षं. मधुमेहाची गोळी किती दिवस, असं कोणी विचारत नाही. फक्त ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी थोडा विथड्रॉल सुरू झाल्यावरच द्यायची असते. घाई केली तर तीच गोळी एकदम त्रास उठवते.

पुतण्या
माझा मुलगा १९ वर्षांचा. गांजा, आणि हल्ली मेथ (मेथाम्फेटामिन). त्यालाही गोळी आहे का?

गल्लीतला_डॉक्टर
मेथ आणि कोकेनवर अशी खात्रीची गोळी नाही. तिथे काम करतं ते समुपदेशन, आणि 'नशामुक्त चाचणीला लगेच छोटं बक्षीस' ही पद्धत. पोरकट वाटते, पण तिच्यामागचा पुरावा भक्कम आहे. संशय, भास, मारामारी असं दिसलं तर मात्र वाट पाहू नका, तातडीने रुग्णालय. यावर वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

काथ्याकूट
धागाकर्तीसाठी एक. भाऊ तयारच नसेल तर? यावरही काम झालंय. रॉबर्ट मेयर्स यांची क्राफ्ट नावाची पद्धत घरच्यांना शिकवते: तो शुद्धीत असताना जवळ बसायचं, प्यायला असताना वाद घालायचा नाही, त्याच्या वतीने कामावर खोटे फोन करायचे नाहीत, आणि उपचाराचा विषय योग्य क्षणी काढायचा. १९९९ च्या अभ्यासात या मार्गाने ६४ टक्के घरच्यांना आपला माणूस उपचारापर्यंत आणता आला. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के. योग्य क्षण म्हणजे बहुधा सकाळ, लाज ताजी असताना.

रोखठोक
खोट्या फोनांबद्दल वाचून गप्प झालो. आमची काकू वीस वर्षं तेच करत होती. आणि चुलते पाचव्या दिवशी साफ झाले हे खरं, पण दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाले. ते लिहायचं राहिलं होतं.

ओसरी
अपडेट देते, उशीर झाला.

सकाळी बोलले. दारूचा शब्द काढला नाही. "रात्री झोप लागत नाही ना तुला? चल, दाखवू," म्हटलं. तो लगेच उठला. झोपेसाठी तो कुठेही आला असता, हे मला आधी सुचलं नव्हतं.

डॉक्टरांना मोरीतलं पडणं पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी दिली. साधा वॉर्ड, आठ दिवस. झोपेच्या गोळ्या एकदम बंद न करता उतरवत आणल्या. थायमिनचं विचारलं, तर नर्सबाई म्हणाल्या, "दिलंय, तुम्हाला कोणी शिकवलं?" तिसऱ्या रात्री आईला "खिडकीत कोण उभंय" असं विचारत होता. आई तेव्हापासून कोंडण्याचं बोललेली नाही.

यकृताचे आकडे वाढलेत, किडनी ठीक, म्हणून अकॅम्प्रोसेट दिलंय. दिवसातून तीनदा, तो विसरतो. फोनवरच्या मीटिंगला बसतो, कॅमेरा बंद, कानात इअरफोन. काय बोलतात ते सांगत नाही, मी विचारत नाही.

तेविसाव्या दिवशी प्यायला. घरातल्या घरात रडारड झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः डॉक्टरांना फोन केला, मी दाराआडून ऐकलं. एकाच दिवसाची होती म्हणून घरीच राहू दिलं, दोन दिवस रोज बोलावून तपासलं. आज पुन्हा बारावा दिवस.

अकरावं_वर्ष, तुम्ही म्हणालात तो नव्वद दिवसांचा कागद आम्हाला कोणी दिला नाही. मी व्यनि केलाय. तुमचा अजून जपून ठेवला असेल तर फोटो पाठवाल का?

अकरावं_वर्ष
पाकिटातच असतो, घडीवर फाटलाय. संध्याकाळी पाठवतो. त्यातले रस्ते माझे आहेत, ते खोडून त्याच्याकडून त्याचे लिहून घ्या.